प्लास्टर रूममधली पहिली नोंद

गवंड्याने आयुष्यात एकच भिंत वाकडी बांधली, आणि त्या भिंतीपायी बायकोचा हात मोडला.

तेव्हा ही वैद्यकीय संस्था म्हणजे नुसता तबेला होता. लष्कराने घोडे नेले आणि वास मागे ठेवला. सरकारने जाहीर केलं की आता देश आपले डॉक्टर आपणच घडवणार, बाहेरून आणणार नाही. घोषणा करायला काही लागत नाही, घडवायला भिंती लागतात. म्हणून चाळीस विद्यार्थी, आठ शिक्षक आणि डावं पाऊल नसलेला एक सांगाडा तबेल्याच्या एका टोकाला बसवला आणि दुसऱ्या टोकाला गवंडी लावले. एकीकडे कवटीच्या हाडांची नावं पाठ व्हायची, दुसरीकडे विटा फुटायच्या.

आपला गवंडी त्यातला एक. तेवीस-चोवीसचा, हाताला चपळ आणि डोक्याने तापट. बायको त्याच कामावर घमेली वाहायची. पाचवा महिना होता तिला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तिने घमेलं खाली ठेवलं, डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं आणि चारचौघांत म्हणाली, "अहो, ही भिंत प्यायलीय की तुम्ही?"

सगळे हसले. भिंत वाकडी होतीच. पण खरं बोललेलं कुणाला आवडतं? गवंड्याच्या हातात गिलावा सपाट करायची लांब लाकडी फळी होती. ती त्याने उचलली. बायकोने उजवा हात पोटावर धरला आणि डावा डोक्यावर आडवा घेतला. फळी त्या हातावर बसली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

याआधी त्याने हात उचलला नव्हता असं नाही. पण काही मोडलं नव्हतं, म्हणून त्याने ते कधी मारात धरलं नव्हतं. पुरुषांचं गणित असंच असतं. मोडेल तेच मोजायचं.

कामावरच्या बायकांनी तिला तबेल्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे हाडांचे सर होते. बुटके, टकले, कानामागे कायम शाईची पेन्सिल. त्यांनी हात बघितला, मग दारात उभ्या असलेल्या गवंड्याकडे बघितलं. कुणीही काही सांगितलं नव्हतं.

"तू कोण?"

"नवरा."

"काम?"

"गवंडी."

"मग इकडे ये. माझ्याकडे माणूस नाही. हिची बोटं धर आणि मी सांगेन तसं ओढ. सोडलंस तर याद राख."

त्याने ओढलं. ती किंचाळली, ओठ चावले, रक्त आलं, पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही. सर पांढऱ्या पिठाच्या पट्ट्या पाण्यात बुडवून गुंडाळू लागले तेव्हा गवंड्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "साहेब, पिठाने ओल धरलीय. गार पाण्यात हे संध्याकाळपर्यंत धरायचं नाही. कोमट घ्या." छताच्या नक्षीचं काम त्याने केलेलं होतं, तो माल त्याच्या ओळखीचा होता. सरांनी कोमट पाणी मागवलं. प्लास्टर बघता बघता दगड झालं.

सरांचा एक नियम होता. ज्याने हाड धरलं त्यानेच ताज्या प्लास्टरवर शाईच्या पेन्सिलीने ते कुठे आणि कसं मोडलंय त्याचं चित्र काढायचं, तारीख घालायची, आणि मोडण्याचं कारण लिहायचं. तेच सगळं रजिस्टरात उतरवायचं. कागद हरवतो, पेशंट प्लास्टर घरी विसरून येत नाही, असं ते म्हणायचे. रजिस्टर त्याच दिवशी उघडलेलं होतं, कोरं करकरीत. गवंडी चार इयत्ता शिकलेला. त्याने चित्र काढलं, कोपर आणि मनगटाच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं एकच हाड, आडवं मोडलेलं. चित्र हुबेहूब आलं. मग कारणाच्या रकान्यापाशी पेन्सिल अडली. बराच वेळ अडली. शेवटी त्याने प्लास्टरवर आणि रजिस्टरात दोन्हीकडे लिहिलं, पडल्यामुळे.

सरांनी वाचलं. "चित्र खरं काढलंस," ते म्हणाले. "शब्दाचं तू बघ." आणि रजिस्टर मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून गवंडी प्लास्टर रूममध्ये कामाला लागला. भिंत तशीच राहिली. पाडायला सवड कुणाला होती!

चार महिन्यांनी मुलगी झाली. म्हणजे मुलगी आणि संस्था एकाच वयाच्या. दोघी हां हां म्हणता वाढल्या.

संस्था कशी वाढली ते तिच्या वार्षिक अहवालांत छान कागदावर छापलंय, पण त्यात रक्ताचा एक थेंब नाही. गवंड्याला विचारलं असतं तर त्याने वेगळं सांगितलं असतं. कारखान्याचा बॉयलर फुटला, साठ माणसं भाजून आली आणि व्हरांड्यात कातडी सोलवटत मेली, तेव्हा जळितांचा वॉर्ड मंजूर झाला. दोन वस्त्या तलवारी-गुप्त्या घेऊन एकमेकांवर धावल्या, जखमी बाटलीभर रक्तासाठी वाट बघत संपले, तेव्हा रक्तपेढी आली. सरकार बदलताना चौकात गोळीबार झाला, टेबलं कमी पडली, फरशीवर पोटं शिवली, तेव्हा नवीन ऑपरेशन थिएटरं बांधली. आधी माणसं मरायची, मग कोनशिला बसायची. आठ विभागांचे एकतीस झाले. पाटीवर "राष्ट्रीय" शब्द चढला, फॉर्म छापून यायला लागले, एका सहीच्या जागी पाच सह्या झाल्या. फक्त प्लास्टर रूम तबेल्यातच राहिली, त्या वाकड्या भिंतीला टेकून.

तिथे आपल्या गवंड्याचं, म्हणजे आता सगळ्यांच्या गवंडीमामांचं, राज्य होतं. मोठेमोठे सर्जन त्यांच्या हाताखालून गेले. ओल्या प्लास्टरला बोट लावलं की पट्टी सपाट करायचा चमचा सपकन बोटांच्या पेरांवर बसायचा. "बोटं नको, तळवा! बोटाचा खड्डा आत रुततो, कातडं कुजतं. तुमचं नाही, त्याचं!" पुढे परदेशांत नावाजलेले डॉक्टरही चारचौघांत पेरं चोळत ही आठवण सांगायचे.

आणि तिथे ते हाडं वाचायला शिकवायचे. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं असं नाही, पण मामांच्या तोंडून ते डोक्यात बसायचं. "जो पडतो तो हात पुढे टाकतो. म्हणून त्याचं मनगट जातं. आणि जो मार अडवतो तो हात असा आडवा घेतो." इथे ते डावा हात डोक्यावर धरून दाखवायचे. "मग काठी कुठे बसते? इथे. एकच हाड, मधोमध, आडवं. हे दिसलं की समजायचं, समोर कुणीतरी उभं होतं."

एवढं पक्कं तुम्हाला कसं ठाऊक, असं एकाही विद्यार्थ्याने कधी विचारलं नाही. शिकवणाऱ्याला हे विचारायचं नसतं.

त्या फळीनंतर त्याने बायकोला कधी बोट लावलं नाही. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. घर जाळणं थांबवणाऱ्याला कुणी हार घालत नाही. घरात सगळं ठीक होतं. ती बोलायची, हसायची, त्याची टरही उडवायची. फक्त तो फळीवरचा डबा काढायला हात वर करायचा तेव्हा तिचा डावा कोपर बोटभर उचलला जायचा. तिला ते कळतही नसावं. त्याला कळायचं, रोज. म्हणून त्याने हळूहळू घरातले सगळे डबे खालच्या फळीवर आणले. मुलीला वाटायचं, बाबांचा खांदा दुखतो. आईचा हात कसा मोडला होता, यावर तिला लहानपणापासून एकच उत्तर मिळालेलं होतं. परांचीवरून पडली.

हाडांचे सर वारले, त्यांच्या नावाचं सभागृह झालं. मुलगी त्याच संस्थेत डॉक्टर व्हायला लागली. गवंड्याची मुलगी! पहिल्या दिवशी ती पांढरा कोट घालून प्लास्टर रूमच्या दारात उभी राहिली तेव्हा मामांनी चमचा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडू आलं. आनंद होताच. सोबत दुसरंही काहीतरी होतं.

ती तिसऱ्या वर्षाला असताना सरकारने फर्मान काढलं, की संस्था राष्ट्रीय आहे, तेव्हा शंभराच्या जागा चारशे करा. खाटा तेवढ्याच, शिक्षक तेवढेच, मुडदेही तेवढेच. एका खाटेभोवती तीस विद्यार्थी उभे राहू लागले. पेशंट तपासायचा की त्याची मिरवणूक काढायची? विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. कॅज्युअल्टी तेवढी चालू ठेवली. नवव्या दिवशी ते सगळे वरच्या मजल्यावरच्या जेवणघरात सभा घेऊन बसले होते. सकाळचे साडेअकरा वाजले होते.

पोलिसांनी एकच दार उघडं ठेवलं आणि त्या दारात स्वतः उभे राहिले. मग आत शिरले. बारा मिनिटं चाललं, भिंतीवरच्या घड्याळात कुणीतरी बघितलं होतं. बाकांवरून, बाकांखालून, हंडे-पातेल्यांच्या मागून ओढून काढून मारलं. पळायला जागा नव्हती, त्यामुळे लाठी चुकवायचाही प्रश्न नव्हता. एकाने चष्मा सांभाळायला हात डोळ्यांवर नेला आणि डोकं उघडं पडलं. वाढायच्या टेबलापाशी मुली हात धरून रांगेत उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं मुलींना मारणार नाहीत. हातांची ती साखळी पहिल्याच फटक्याला तुटली. पडलेल्यांच्या अंगावरून बूट गेले. फरशीवर सांडलेलं अन्न, चपला, वह्या, दात. बाहेर आल्यावर शिपाई व्हरांड्याच्या नळावर लाठ्या धूत होते.

संस्थेचं एक सोयीचं होतं. जखमींना न्यायला लांब जावं लागलं नाही.

डोकी फुटलेले थिएटरला गेले. हात-पाय मोडलेले सत्तावीस जण प्लास्टर रूमबाहेर भिंतीला टेकून बसले. मामांनी पहिल्याचा हात धरला. डावा, कोपर आणि मनगटाच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं एकच हाड, आडवं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचा उजवा, पण जागा तीच. चौथ्याचंही तेच. आपलंच एक जुनं चित्र आपण पुन्हा पुन्हा काढतोय असं त्यांना वाटत होतं.

मग रांगेत त्यांना मुलगी दिसली. कपाळावर सुकलेलं रक्त, डावा हात मांडीवर, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा ठेवलेला. ते उठून तिच्याकडे गेले.

"बाबा, माझा नंबर अकरावा आहे," ती म्हणाली. "तुम्ही पाचव्याला सोडून आलाय."

ते परत गेले. पाचवा केला, सहावा केला. अकरावी आली तेव्हा सहाय्यक डॉक्टर म्हणाला, "मामा, मी धरतो." ते म्हणाले, "नाही." तिची बोटं त्यांनी धरली आणि ओढली. ती ओरडली नाही, ओठ चावले. अगदी तसेच. प्लास्टर झालं, चित्र झालं, तारीख झाली. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं, काठीचा मार. रेषेसारखी सरळ अक्षरं. सत्तावीसपैकी एकोणीस प्लास्टरांवर त्या दिवशी तेच लिहिलं गेलं.

तिसऱ्या दिवशी तो चष्म्याचा मुलगा गेला. शेवटच्या वर्षाचा होता, परीक्षेला दीड महिना उरला होता. तेव्हा मात्र सरकारला निवृत्त न्यायाधीश नेमून चौकशी लावावी लागली. पोलिसांचं म्हणणं साधं होतं. आम्ही दारात उभे होतो, विद्यार्थी घाबरून जिन्यावर चेंगरले, पडले, हातपाय मोडले. चोराच्या उलट्या बोंबा! आणि संस्थेचे मोठमोठे प्राध्यापक पाळीपाळीने उभे राहून सांगत होते की पडूनही मोडू शकतं, माराने पण मोडू शकतं, खात्रीने सांगता येत नाही. एकेकाला बढती हवी होती, एकेकाला बदली नको होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शिल्लक राहिले मामा आणि त्यांचं रजिस्टर. गवंड्याला कुणी आधी हिशेबातच धरलं नव्हतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी संचालक स्वतः तबेल्यात आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. स्टूल पुसून बसले. गोड माणूस, आवाज कधी चढायचा नाही.

"मामा, तुम्ही खोटं बोला असं मी म्हणणार नाही. फक्त एवढंच सांगा, की पडूनही असं मोडू शकतं."

"मोडत नाही, साहेब. एखाद्याचं मोडेल. एकोणीस जणांचं नाही."

संचालकांनी खिडकीकडे बघितलं. "सगळी रजिस्टरं पोलिसांच्या वकिलांनी मागवून घेतली. अगदी पहिल्यापासून. पहिली नोंद मी पण वाचली. तुमच्याच अक्षरात आहे. पेशंट, तुमची बायको. चित्र तेच. कारण, पडल्यामुळे." त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "वकील उद्या एवढंच विचारणार. तुमच्या बायकोचं पडून मोडलं, तर यांचं का नाही? तुम्ही काय सांगणार? मुलगी समोर बसलेली असेल. जाऊ द्या मामा, घरोघरी मातीच्या चुली. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ते गेल्यावर मामा बराच वेळ बादलीतल्या पाण्याकडे बघत बसले. पडूनही मोडू शकतं, एवढे तीन शब्द. ते म्हटले की मुलीच्या नजरेत आपण होतो तसेच राहणार, आणि तिचा हात जिन्यावरून पडून मोडलेला ठरणार. तो मेलेला मुलगाही जिन्यावरूनच पडलेला ठरणार. नाही म्हटले, तर तिचा हात खरा ठरणार आणि बाप जाणार. आयुष्यभर दुसऱ्यांची हाडं जुळवली, पण ही दोन टोकं काही जुळत नव्हती.

घरी बायको भाजी चिरत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने विळी बाजूला सारली.

"हात कुणाचा मोडला होता?" तिने विचारलं.

"तुझा."

"मग गोष्ट पण माझी आहे. तुम्हाला सांगायची तर सांगा, नसेल सांगायची तर नका सांगू. पण सांगाल तर सगळी सांगा. अर्धी सांगितलीत तर मी उठून उभी राहीन. मग म्हणू नका, चारचौघांत बोलली."

चारचौघांत हा शब्द तिने जरा हळू उच्चारला. तो त्यांना फळीसारखाच लागला.

चौकशी हाडांच्या सरांच्या नावाच्या सभागृहात चालायची. पहिल्या तीन रांगांत विद्यार्थी बसले होते, पांढरी प्लास्टरं छातीशी धरून. दुसऱ्या रांगेत मुलगी. मागे एका बाजूला बायको.

मामांनी हात आडवा धरून दाखवला, जसा वर्षानुवर्षं दाखवत आले होते. पडणारा कसा पडतो, अडवणारा कसा अडवतो. न्यायाधीश लिहून घेत होते. मग पोलिसांचे वकील उठले. जाडजूड, पिवळं पडलेलं रजिस्टर त्यांनी टेबलावर उघडून ठेवलं.

"ही पहिली नोंद कुणाच्या अक्षरात आहे?"

"माझ्या."

"पेशंट कोण?"

"माझी बायको."

"चित्रात काय आहे?"

"डाव्या हाताचं एकच हाड. मधोमध. आडवं."

"म्हणजे या मुलांसारखंच. आणि कारण काय लिहिलंय? मोठ्याने वाचा."

"पडल्यामुळे."

वकील हसले, सभागृहाकडे वळले. "मग मामा, एक तर पडूनही असं हाड मोडतं, किंवा तुम्ही लिहिता ते खोटं असतं. दोन्हीपैकी काय?"

मामांनी मुलीकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर शब्द फुटला नसता.

"मी लिहिलेलं खोटं आहे," ते म्हणाले. "ती पडली नाही. मी मारलं. गिलाव्याच्या फळीने. तिने हात वर केला म्हणून हातावर बसली, नाही तर डोक्यात बसली असती. ती पोटुशी होती. भिंत वाकडी आहे म्हणाली म्हणून मारलं, आणि भिंत वाकडीच होती. प्लास्टर रूमची. जाऊन बघा. हे हाड कसं मोडतं ते मला पुस्तकातून नाही समजलं, साहेब. मोडणारा मी होतो. म्हणून सांगतो, ही मुलं पडलेली नाहीत. त्यांच्यासमोर कुणीतरी उभं होतं."

न्यायाधीशांनी पेन ठेवलं. "एकदाच घडलं होतं हे?"

"रागात," मामा म्हणाले. "त्या दिवशी एकदा..."

"नाही."

मागून आवाज आला. बायको उभी राहिली होती. "सांगितलं होतं मी यांना, अर्धं सांगायचं नाही. ती चौथी वेळ होती. आधीच्या तीन वेळी काही मोडलं नाही, म्हणून रजिस्टरात नाही. माझ्याकडे आहे." तिने डावी बाही वर केली, हात डोक्यावर आडवा घेतला, दाखवला आणि खाली घेतला. "असा केला होता. यांनी बरोबर दाखवलं." मग ती बसली.

दुसऱ्या रांगेतून मुलगी उठली आणि कुणाकडेही न बघता बाजूच्या दाराने बाहेर गेली.

न्यायाधीशांनी रजिस्टर मामांपुढे सरकवलं. त्यांनी "पडल्यामुळे" वर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, नवऱ्याचा मार. सही केली, तारीख घातली. एकवीस वर्षांचा फरक होता दोन ओळींत.

घरी येताना बायको अर्ध्या रस्त्यात थांबली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, हे तुम्ही चितेवर पण सोबत न्याल." तेवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

महिन्याच्या आतच अहवाल आला. मुलांना मार लागला होता, हे सरकारी कागदावर छापलं गेलं. मेलेल्या मुलाच्या आईने तो कागद दोन्ही हातांनी धरून वाचला. चारशे जागांचं फर्मान मागे घेतलं गेलं. पोलिसांच्या साहेबांची बदली झाली, म्हणजे शिक्षा झाली असं म्हणायचं. आणि मामांना संस्थेची नोटीस आली, की स्त्रीवर हात उचललेल्या माणसाला कामावर का ठेवावं याचा पंधरा दिवसांत खुलासा द्या. मुलांना लाठ्यांखाली चिरडताना ज्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं त्या पाच जणांच्या सह्या तिच्यावर होत्या. गुन्हा मात्र खरा होता. मामांनी खुलाशात एकच ओळ लिहिली, आरोप बरोबर आहे.

मुलगी घरी आली नाही. वसतिगृहात राहिली. आईला निरोप पाठवायची, वडिलांना नाही.

मारानंतर बेचाळिसाव्या दिवशी प्लास्टरं कापायची होती, मामांच्या खुलाशावर निर्णय अजून यायचा होता. सकाळपासून एकेक जण आत येऊन मोकळा हात हलवत बाहेर जात होता. मामांनी दहा कापली. मग दारात ती उभी होती. अकरावी.

ती स्टुलावर बसली, हात टेबलावर ठेवला. प्लास्टर मळलं होतं, पण जांभळी अक्षरं स्पष्ट होती. काठीचा मार.

"आईचं कुणी कापलं होतं?" तिने विचारलं.

"मीच."

"ती घाबरली होती?"

आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. "हो. अजून घाबरते."

प्लास्टर कापायची मोठी कात्री खुंटीवर होती, त्यांच्या डोक्याच्या उंचीला. ती काढायला त्यांनी हात वर केला.

मुलीचा डावा कोपर, सगळ्या प्लास्टरच्या ओझ्यासकट, टेबलावरून बोटभर उचलला गेला.

दोघांनीही तो बघितला. आयुष्यात पहिल्यांदा ती बापाला घाबरली होती, आणि तिला स्वतःलाच ते आवडलं नव्हतं. तिचे डोळे भरले. मामांचा हात खुंटीवरच राहिला. मग त्यांनी तो रिकामाच खाली घेतला, अगदी सावकाश, आणि मागे सरून त्या वाकड्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"कात्री तू घे," ते म्हणाले. "करंगळीच्या बाजूने कापायची. घाई करू नकोस."

तिने उजव्या हाताने कात्री काढली आणि स्वतःच कापायला सुरुवात केली. एका हाताने ते काम फार अवघड असतं. मामा भिंतीपाशी उभे राहून कसं धरायचं ते सांगत राहिले, आणि मनगटापर्यंत पोचायला तिला तब्बल अर्धा तास लागला.